पाठीवरचं पान

गुलाब दुर्गेचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. गजर लावायचा नाही. उठायचा, चूळ भरायचा, उरलेल्या भाताची पेज मीठ घालून प्यायचा आणि साडेचारला घराबाहेर पडायचा. आमच्या दोन घरांची मधली भिंत एकच आहे. त्याच्या दाराची कडी वाजली की मला ऐकू यायची. मीही चारलाच उठतो, पण मी निवृत्त माणूस. उठून बसून राहतो.

अर्धा तास चालून तो बसस्टँडजवळ खुशबूच्या दुकानात पोचायचा. तिथे ऑनलाइन फॉर्म भरून देतात, झेरॉक्स काढतात. किल्ली त्याच्याकडे असायची. शटर अर्धं वर करून आत शिरायचा, झाडू मारायचा, पाण्याचा माठ भरायचा, कॉम्प्युटर लावायचा आणि साडेसातपर्यंत बँडच्या गाण्यांची पानं बसवायचा. साडेआठला डेपोत हजर. संध्याकाळी सहाला घरी. हे त्याने सव्वा वर्ष केलं. एक खाडा नाही.

मी आलापल्लीच्या लाकूड डेपोत एकतीस वर्षं हमाली केली. सागाचे लठ्ठे उचलले, थप्प्या लावल्या. खुर्चीवर बसून केलेल्या कामाला काम म्हणायची मला सवय नव्हती. आता म्हणतो. पण सगळ्यांच्या नाही, गुलाबच्या.

गुलाब पंचेचाळीसचा. अंगाने वाळका. डेपोत त्याचं काम लठ्ठ्यांच्या तोंडावर रंगाने नंबर टाकायचं. लठ्ठ्याचं तोंड गोल, एखादं फुटलेलं. तेवढ्यात लठ्ठ्याचा नंबर, लांबी, गोलाई सगळं मावलं पाहिजे. दुसरे लोक आकडे कोंबतात आणि शेवटचा आकडा कडेवरून खाली ओघळतो. गुलाब आधी कोरडा ब्रश हवेत फिरवून जागा मापून घेतो, मग रंगात बुडवतो. वेळ जास्त लागत नाही. मी पाहिलं आहे.

पण त्याचा जीव डेपोत नव्हता, इसरू मडावीच्या बँडात होता.

आमच्या भागातले बाकीचे बँड कानाने ऐकून वाजवतात. इसरूचा बँड वाचून वाजवतो. हे केलं पत्रू मास्तरांनी. मास्तर सिरोंच्याकडचे. पोलिसांच्या बँडमधून रिटायर होऊन आलापल्लीत राहिले आणि इसरूच्या पोरांना पाच रेघांवरचे टिपके वाचायला शिकवले. दोन उभ्या रेघांमधल्या जागेला ते खण म्हणायचे. तोच शब्द बँडात रुळला. मास्तर कार्बन लावून पानं लिहायचे, सगळ्यांना वाटायचे.

पान ठेवायचं कुठे, हा प्रश्न पहिल्याच वर्षी आला. वाद्यावर पान अडकवायचा चाप मिळतो, पण त्याला पैसे लागतात. मास्तरांनी पान पुढच्या माणसाच्या पाठीवर टाचलं. कोटाच्या कॉलरला दोन नाड्या, खाली दोन टाचण्या. म्हणजे तुमच्या पाठीवरचं पान तुमचं नव्हे, मागच्याचं. एक जण वरातीला आला नाही की मागचा मुका. पुढे चाप घेण्याइतके पैसे आले, पण कोणी घेतले नाहीत. पाठीवरचं वाचायची सवय लागली होती.

फुंकणारे नऊ. तीन-तीनच्या तीन रांगा. त्यांच्यामागे तीन बडवणारे, त्यात मोठा ढोल इसरूचा. पहिल्या रांगेपुढे कोणाचीच पाठ नाही. त्यांनी सगळं पाठ करायचं. पहिल्या रांगेत दोन क्लॅरिनेट आणि एक ट्रॉम्बोन. ट्रॉम्बोनची नळी वाजवताना हातभर पुढे जाते, तो मागे ठेवला तर पुढच्याची पाठ फोडतो. रांगेत मधला क्लॅरिनेटवाला गुलाब. अठरा वर्षं तो मधे चालला. बेचाळीस चाली त्याला पाठ होत्या.

मग त्याला टीबी झाला. सरकारी गोळ्या पूर्ण घेतल्या, बरा झाला, पण एका फुफ्फुसात जोर राहिला नाही. डॉक्टरने फुंकायला कायमची मनाई केली. आमच्या बँडात कोट ज्याचा त्याने शिवायचा असतो, आणि जागा सोडली की कोट नव्या माणसाला द्यायचा असतो. गुलाबचा लाल कोट सुनिलकडे गेला. सुनिल चांगला पोरगा आहे, पण कोट त्याला पोटावर तंग होतो.

गुलाब इसरूकडे गेला होता. मी सोबत होतो.

"इसरूभाऊ, मले बँडात ठेव," तो म्हणाला.

"तू आमचाच हायस गा," इसरू म्हणाला. "पण बँडात दोनच मानसं राह्यते. फुंकणारा, नाईतर बडवणारा. तू सांग, तू कोण?"

ढोल घेऊन दोन कोस चालायचा दम गुलाबात नव्हता. आम्ही परत निघालो.

त्याची बायको सत्यशीला मला म्हणाली, "मानूस घरात बसून राह्यते, पण घरात नसते, कोलूभाऊ. दूर कुठी ढोल वाजला का दारात जाऊन उभा. इकडे भात थंडा. मी म्हटलं, बँडासंगच लगन लावाचं होतं, मले काऊन आणलं?"

एवढंच होतं. त्याला बँडात जागा पाहिजे होती.

वाट निघाली ती मास्तरांच्या हातामुळे. मास्तरांचा हात कापायला लागला. नवीन पानं बंद झाली. जुनी कार्बनची पानं घामाने विरली, काहींवर टिपके कुठले आणि माश्या बसलेल्या कुठल्या, ते कळेना. गुलाब म्हणाला, मी झेरॉक्स काढून आणतो. ती पानं घेऊन तो खुशबूकडे गेला. खुशबू पंचवीस-सव्वीसची, दुकान तिचं स्वतःचं.

"भाऊ, हे निळं मशीन पकडत नाई," ती म्हणाली. "कॉम्प्युटरवर टाकून घ्या ना."

"हे येते काय कॉम्प्युटरवर?"

"लगनाच्या पत्रिका येते, जातीचे दाखले येते, तर हे काऊन नाई येनार? थांबा, पाहू."

तिने शोधलं. पाच रेघांचं नोटेशन लिहायचं सॉफ्टवेअर निघालं, फुकटचं. तिने ते टाकून दिलं. दुकान नवाला उघडायचं, त्याआधी बसा म्हणाली. भाडं घेतलं नाही. झाडू आणि माठ हे गुलाबनेच ठरवलं. फुकट बसणं त्याला जमलं नसतं.

माऊस धरायलाच महिना गेला. ब्रश धरणारा हात, माऊसही उचलून धरायचा. पहिलं पान अकरा सकाळींत झालं.

ते घेऊन तो इसरूकडे गेला. इसरूने पान उलटंपालटं पाहिलं. इसरूला वाचता येत नाही, तो ढोलवाला. पण माणूस हिशेबी.

"चालत्या वरातीत वाजलं तर पास," तो म्हणाला. "पास झालेल्या पानाचे पैसे देईन. नाई वाजलं तर नाई."

"अन जागा?"

"पहिले पान तर वाजू दे, बाबू."

एक दिवस मी गुलाबबरोबर दुकानात गेलो. स्टुलावर बसून अडीच तास पाहिलं.

टिपके टाकायचं काम लवकर होतं. खरं काम नंतर. मास्तरांच्या पानावरून सूर उतरवले की सॉफ्टवेअर आपल्या मनाने ओळी भरतं. एका ओळीत जितके खण मावतील तितके घेतं आणि डावी-उजवी कड ओळंब्याने सरळ करतं. पण ते पान टेबलावर ठेवून वाचायचं असतं. आमचं पान साडेतीन फुटांवर असतं. हे अंतर गुलाबने टेपने मोजलं होतं, मागच्याच्या डोळ्यापासून पुढच्याच्या पाठीपर्यंत. मग त्याने पाच रेघांमधलं अंतर वाढवलं. रेघा मोठ्या झाल्या तसे ओळीत खण कमी मावायला लागले, ओळी वाढल्या, खालची ओळ पानाबाहेर गेली. मग दोन ओळींमधली जागा कमी केली. तर वरच्या ओळीच्या शेपट्या खालच्या ओळीच्या डोक्याला लागल्या. मग परत. प्रत्येक बदलानंतर तो उठून मागच्या भिंतीला टेकून उभा राहायचा, पडद्याकडे पाहायचा, परत येऊन बसायचा. अडीच तासांत तो बावीस वेळा उठला. पान पाऊणच झालं.

मी म्हटलं, "एवढ्या वेळात मी अर्धा ट्रक भरत होतो बे."

"भाऊ, तुमचा लठ्ठा ठेवला तिथी राह्यते," तो म्हणाला. "इथी एक टिपका हालवला का खालचं सगळं गाव सरकते."

मला ते पटलं. थप्पी लावताना खालचा एक लठ्ठा चुकीचा बसला की वरचे दहा काढावे लागतात. फरक इतकाच की आमचं चुकलेलं सगळ्यांना दिसतं आणि याचं दिसत नाही. पगार मात्र दोघांनाही झालेल्या कामाचा.

तीन चालींची पानं तयार झाली. दुसऱ्या आणि तिसऱ्या रांगेतल्या सहा जणांची, म्हणजे अठरा पानं. दिसायला देखणी होती. प्रत्येक ओळीत चार खण, प्रत्येक पानात आठ ओळी. कडा सरळ. खुशबूने जाड कागदावर छापून दिली आणि दुकानात येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवली.

मार्चमध्ये नागेपल्लीला एक लग्न होतं. दुपारी चारची वरात. ऊन उतरलेलं नव्हतं. गुलाब बँडाच्या बाजूने चालला, साध्या शर्टात. मी मागे.

पहिल्या दोन ओळी छान गेल्या. तिसऱ्या ओळीनंतर मागच्या रांगेतला सॅक्सोफोन एकीकडे आणि ट्रम्पेट दुसरीकडे गेला. एक चौथ्या ओळीत, एक पाचव्या. मधला युफोनियमवाला बिचारा थांबून दोघांकडे पाहायला लागला. पहिली रांग पाठ असलेलं वाजवत पुढे. इसरूने ढोल जोरात बडवून झाकायला पाहिलं. नाचणाऱ्या पोरांना फरक पडला नाही. पण नवरदेवाचा मामा जवळ येऊन ओरडला, "इसरू, आज दोन बँड आनले का गा? आम्ही तं एकाचेच पैसे ठरवले!"

दुसऱ्या चालीतही तेच झालं. तिसरी चाल इसरूने वाजवूच दिली नाही. पेटीतून मास्तरांची विरलेली पानं काढून टाचली. ती वाजली.

वरात संपल्यावर इसरू गुलाबवर उखडला. "तुह्या कागदानं माह्या तोंडाले काळं फासलं!"

"एक सूर चुकीचा नाई त्यात, भाऊ. मास्तरायले विचार. अक्षर तर दुप्पट मोठं हाय."

"सूर नाई चुकला, मानसं चुकली! मंग मी काय मानसं बदलू? बंद कर हे."

सॅक्सोफोनवाला हळूच म्हणाला, "गुलाबभाऊ, नजर थोडी हालली का ओळ सापडत नाई. सगळ्या ओळी जुळ्या बहिणी."

गुलाबने अठरा पानं गोळा केली, सरळ केली आणि पिशवीत घातली. एकाचेही पैसे मिळाले नाहीत.

दुसऱ्या दिवशी साडेचारला कडी वाजली. मी बाहेर आलो आणि त्याच्याबरोबर गेलो. त्याने झाडू मारला, माठ भरला, कॉम्प्युटर लावला आणि हात मांडीवर ठेवून पडद्याकडे पाहत बसला. सातला बंद करून उठला. तेवढा एकच दिवस त्याला काम न करता बसलेलं मी पाहिलं.

तिथून आम्ही मास्तरांकडे गेलो. मास्तर अंगणात बाजेवर होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग गुलाबला सांगितलं, एक माझं जुनं पान आणि तुझी तीन पानं कपड्याच्या दोरीवर चिमट्याने लाव आणि दहा पावलं मागे जा. वारा होता. पानं हलत होती.

"वाच," मास्तर म्हणाले.

"एवढ्या दुरून टिपके दिसत नाई, मास्तर."

"नाई दिसत. चूडू, नीट पाह. माझं पान कोणत्या चालीचं?"

"वरातीची दुसरी," गुलाब लगेच म्हणाला. "ती तिसरी ओळ तोकडी हाय ना, अन चौथीत दाटी, कोपऱ्यात शाईचा डाग."

"टिपके दिसत नाई तर ओळखलं कसं? आता तुझी सांग. कोणतं पान कोणत्या चालीचं?"

गुलाबने पाहिलं. डोळे बारीक केले. तिन्ही पानं सारखी. त्याची स्वतःची, अकरा-अकरा सकाळींची, आणि त्याला ओळखू येईनात.

मास्तर हसले. "अठरा वर्सं पहिल्या रांगेत होता तू. कधी कोणाच्या पाठीवरचं वाचला?"

खरं होतं. गुलाबने उभ्या आयुष्यात पाठीवरचं पान वाचलंच नव्हतं. त्याच्यापुढे नेहमी रिकामा रस्ता. भिंतीला टेकून साडेतीन फुटांवरून त्याने पाहिलं होतं, पण भिंत चालत नाही. मागच्या रांगेतला माणूस पानावरची नजर काढून पायाखालचा खड्डा पाहतो, परत नजर वर नेतो, तेव्हा त्याला टिपके शोधायला वेळ नसतो. तो ओळीच्या आकारावरून जागा पकडतो. मास्तरांच्या ओळी वेड्यावाकड्या होत्या, कारण फुंकणारा जिथे श्वास घेतो तिथे ते ओळ तोडायचे. एका ओळीत तीन खण, दुसरीत सहा. कधी अर्धी ओळ मोकळी. मास्तर म्हणाले, मीही हे ठरवून केलं नव्हतं. हात तसा चालला.

त्या दिवसापासून गुलाबने पाठीवरचं वाचायला सुरुवात केली, आणि पाठ माझी. हमालाची पाठ, रुंद. साडेसातला काम संपलं की तो मला दुकानाबाहेर उभं करायचा, शर्टाला पान टाचायचा आणि मी पुढे, तो मागे, तोंडाने चाल गुणगुणत, घरापर्यंत. तो मला मुद्दाम खड्ड्यातून चालायला लावायचा. चहाच्या टपरीवरचे लोक ओरडायचे, "कोलूभाऊ, आज लिलावात कितीले गेले?" मी म्हणायचो, बोली लाव, तुझ्या बापाला परवडणार नाही. अठ्ठावीस दिवस आम्ही असे चाललो. कुठे त्याची नजर सुटली तिथे तो मला थांबवायचा आणि पेन्सिलने माझ्या पाठीवरच्या पानावर खूण करायचा. टोचायचं.

मग पानं परत बसवली. आता त्याला सॉफ्टवेअरशी भांडावं लागलं. ते ओळी सारख्या करायला पाहणार, हा त्या तोडणार. श्वासाच्या जागी ओळ तोडायची आणि तिथे कुलूप लावायचं, म्हणजे पुढे काही बदललं तरी ओळ तिथेच तुटेल. तोकडी ओळ कडेपर्यंत ताणायची नाही, अशी खूण प्रत्येक तोकड्या ओळीला वेगळी. जलद सुरांच्या खणाला दाटी, लांब सुराला मोकळं अंगण. एका चालीत दोन ओळी जवळजवळ सारख्याच आकाराच्या निघाल्या. त्यातली एक त्याने पानाच्या उजव्या अंगाला सरकवली आणि डावीकडे चार बोटं जागा कोरी सोडली. खुशबू म्हणाली, "भाऊ, हे काय, पहिलेचं किती सुंदर दिसत होतं!" गुलाब म्हणाला, "बाई, आता सुंदर नाई, पन सापडते."

एका पानाला दोन सकाळी लागल्या. पहिल्यापेक्षा कमी, पण वाया गेलेली सकाळ एकही नव्हती.

इसरूला पटवायला मास्तर काठी टेकत गेले. त्यांचं ऐकून इसरूने एका चालीची परवानगी दिली, तीही वरातीच्या शेवटी, मांडव जवळ आल्यावर, म्हणजे फसलं तर लवकर संपवता येईल. मेमध्ये आलापल्लीतच लग्न होतं. चाल सुरू झाली. सहाच्या सहा जण पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत एकत्र पोचले. नवरदेवाच्या गाडीपुढे एक बैल आडवा आला, सगळा बँड थांबला, फाकला, परत जुळला, आणि सूर तुटला तिथूनच उचलला गेला. गुलाब रस्त्याच्या कडेला उभा होता. ओठ हलत होते त्याचे, आणि बोटं मांडीवर क्लॅरिनेटची भोकं दाबत होती.

तिसऱ्या दिवशी इसरूने निरोप पाठवला, अजून अकरा चाली कर. आणि पास झालेल्या पानांचे पैसे दिले.

गुलाब ते घेऊन म्हणाला, "अन जागा, इसरूभाऊ?"

"काम तुहं चोख हाय," इसरू म्हणाला. "पन जागा कुठून आणू? कागदवाला बँडात चालते असं मी कुठी पाह्यलं नाई."

गुलाब परत चारला उठायला लागला.

पावसाळ्यात लग्नं नसतात. तेव्हा बँड डेपोच्या मागच्या मैदानात तालीम करतो. त्या वर्षी मास्तरांनी चार नव्या चाली तोंडाने गाऊन सांगितल्या आणि गुलाबने त्या सॉफ्टवेअरमध्ये उतरवल्या. मागच्या दोन रांगा चार दिवसांत वाजवायला लागल्या. अडली पहिली रांग. त्यांच्यापुढे पाठ नाही, त्यांना पाठच करावं लागणार, आणि सुनिलला पाठ होत नव्हतं. जुन्या चाली त्याने कशाबशा घोकल्या होत्या. नवी चाल पाचव्या ओळीला आली की हा थांबायचा, मागची रांग त्याच्यावर आदळायची.

"डोक्यात भुसा हाय काय बे?" इसरू ओरडला.

"मागच्यायले पाहून वाजवाले भेटते," सुनिल म्हणाला. "आमाले काऊन नाई? आमच्या पुढं तुमचा बा चालते काय?"

सगळे हसले. इसरूलाही हसू आलं.

गुलाब कडेला बसला होता. त्या दिवसांत त्याने एक वेगळं पान केलं होतं, ते पिशवीत होतं. वर क्लॅरिनेटची ओळ, खाली ट्रॉम्बोनची, दोन्हींचे खण एकाखाली एक बरोबर बसलेले, म्हणजे एकाच पानावरून तिघांना वाचता येईल. कागद नेहमीच्या दुप्पट. दोन मजली पान. ते बसवायला त्याला तेरा सकाळी लागल्या होत्या, कारण क्लॅरिनेटचा श्वास एका जागी आणि ट्रॉम्बोनचा दुसऱ्या. दोघांना चालेल अशी तोडायची जागा प्रत्येक ओळीला शोधावी लागली. त्याने मला सांगितलं नव्हतं की हे कशासाठी.

तो उठला, पहिल्या रांगेच्या पुढे जाऊन उभा राहिला, तोंड रस्त्याकडे, आणि दोन्ही हात खांद्यावरून मागे नेऊन ते पान पाठीवर धरलं.

"वाजवा," म्हणाला.

त्याने मैदानाला दोन फेऱ्या मारल्या. हात भरून आले असतील, खाली केले नाहीत. सुनिल पाचवी ओळ ओलांडून गेला. शेवटपर्यंत गेला. दुसऱ्या फेरीला पान मधोमध दुमडायला लागलं, कारण कागद रुंद आणि गुलाबची पाठ वीतभर. दोन्ही कडा हवेत फडफडत होत्या. तरी वाजलं.

इसरूने ढोल उतरवून खाली ठेवला. गुलाबच्या मागे जाऊन त्याची पाठ पाहिली, घोड्याची पाहतात तशी.

"लहान पडते," तो म्हणाला.

गुलाब वळला. "काय?"

"पाठ. कोट शिव. रुंद शिव. दिवाळीनंतर पहिली वरात आलापल्लीतच हाय."

गुलाब घरी येईपर्यंत नीट चालत होता. दारात आल्यावर सत्यशीलाने विचारलं काय झालं, तर तो उंबऱ्यावर बसला. मी सांगितलं. ती म्हणाली, "फुंकायचं नाई, बडवायचं नाई, नुसतं पुढं चालायचं? मंग हे तं नवरदेवाचं काम झालं." आणि आत जाऊन तिने परत चूल पेटवली.

बँडाचे कोट रुखमाबाई शिवते. गुलाब दुप्पट कागदाचं ते पान घेऊन तिच्याकडे गेला. मी सोबत होतो. तिने टेप काढली, गुलाबच्या छातीला लावली आणि मग ठेवून दिली. "हे माप काय कामाचं?" म्हणाली आणि पान टेबलावर पसरून त्याचं माप घेतलं. बाह्या गुलाबच्या, पाठ कागदाची. खांद्यात जाड गादी, पाठीत कॅनव्हास, म्हणजे कापडाला सुरकुती पडणार नाही. कॉलरखाली दोन नाड्या, कमरेवर दोन, आणि कागदाच्या दोन्ही कडांना मधे एकेक. कोट तयार व्हायला नऊ दिवस लागले. बदामी बटणं बसवू का म्हणाली, तर गुलाब म्हणाला, पितळेचीच, बाकीच्यांची आहेत तशी.

त्या सव्वा वर्षाच्या पहाटेच्या कामाचे जेवढे पैसे आले होते, ते त्या कोटात गेले. लाल कापड, शिलाई, पितळेची बटणं आणि कॅनव्हास धरून.